त्रेसष्ट कोरड्या जागा

ठोंब्याला पाणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

रेवती काळेलने पहिल्याच दिवशी त्याला तसं विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "पाणी हा शब्द मला वाक्यात वापरता येतो. पाणी काय असतं, ते तू अजून शिकवलेलं नाहीस." आवाज सपाट होता, धड पुरुषाचा नाही, धड बाईचा नाही. डबा दोन पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढा, पुढे जाळी, वर एक भिंग. शाळेच्या दप्तरात त्याची नोंद 'शिकाऊ संच, क्रमांक १७' अशी होती. रेवतीने त्याचं नाव ठोंब्या ठेवलं आणि सतरा नंबर कायमचा मागे पडला.

ही जून २०३९ मधली गोष्ट. ढोकमाळ हे माणदेशातलं साडेचौदाशे वस्तीचं गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गात बावीस मुलं होती आणि विज्ञान शिकवायला शाहीन मोमीन होत्या. मोमीन मॅडमच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात मागच्या दहा वर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प होते. एकाहून एक देखणे. रंगीत नकाशे, चित्रफिती, धूर सोडणारा ज्वालामुखी. मुलं यंत्राला विषय सांगत आणि यंत्र प्रकल्प करून देई. त्यातलं एखादं वाक्य मुलाला विचारलं, की मूल खिडकीबाहेर बघायला लागे.

शिकाऊ संच हा त्यावर शोधलेला उलटा उपाय होता. या यंत्राला भाषा पूर्ण येत होती, पण विषयाचं ज्ञान कुलपात बंद केलेलं होतं. मूल त्याला जे सांगेल, दाखवेल, समजावेल, तेवढंच त्याला येणार. मार्चमध्ये परीक्षा मुलाची नव्हती, शिकाऊची होती. परीक्षक त्याला प्रश्न विचारणार, उत्तरं तो देणार आणि गुण मुलाच्या नावावर पडणार. ज्या मुलाला विषय समजला आहे त्यालाच तो दुसऱ्याला शिकवता येतो, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी योजना उभी होती.

शिकाऊला दोन खोडी मुद्दाम घातल्या होत्या. एक, कुठलीही गोष्ट तो कुणाकडून शिकला याची नोंद त्याच्या आत राही. ती पुसता येत नसे आणि परीक्षकाने विचारलं, की तो सांगून टाके. दोन, एखादी गोष्ट नुसती सांगितली, की तो विचारी, "तुला कसं कळलं?"

या प्रश्नाने पहिल्या महिन्यात सगळा वर्ग वैतागला. रेवतीच्या बाकावरची गौतमी दडस तर एकदा डब्यावर ओरडली, "पुस्तकात लिहिलंय म्हणून कळलं, गप की आता!" तिचा शिकाऊ ते शिकला. पुढे आठवडाभर मोमीन मॅडमनी त्याला काहीही विचारलं, की तो म्हणे, "पुस्तकात लिहिलंय म्हणून कळलं, गप की आता."

पाठ्यक्रमाशिवाय प्रत्येकाने शिकाऊला आपल्या गावातली एक गोष्ट शिकवायची होती, कुठल्याही पुस्तकात नसलेली. गौतमीने शेळ्यांचे आजार घेतले. रेवतीने विषय लिहून दिला: ढोकमाळमध्ये जमिनीखाली पाणी कुठे लागतं.

तिने हाच विषय निवडला याचं वर्गात कुणाला नवल वाटलं नाही. तिचे वडील बिरा काळेल पाणाड्या होते. विहीर किंवा बोअर कुठे घ्यायची ते दाखवणारा माणूस. आजूबाजूच्या अकरा गावांत त्यांना बिराअण्णा म्हणत. ते तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून अनवाणी चालत. जिथे नारळ हातावर उभा राही तिथे टाचेने खूण करत.

* * *

"घाल की त्यात," आप्पा म्हणाले. रेवती वडिलांना आप्पा म्हणे. "पहिली जागा पोपट दडसाची. दोन हजार बाराची. सत्तर फुटावर असं पाणी लागलं, की खणणारी माणसं बादल्या टाकून वर पळाली."

"तिथं झाड कुठलं होतं, आप्पा? जमीन कसली?"

"उंबर होता बांधाला. खाली मुरूम. शेजारी हे एवढं वारूळ."

पावसाळाभर दर रविवारी रेवती डबा घेऊन त्यांच्याबरोबर हिंडली. प्रत्येक विहिरीपाशी ठोंब्याचं भिंग चारी बाजूंना फिरवायची, खोली मोजायची, मातीचा रंग, उतार, झाडं, सगळं बोलून दाखवायची. लोक चहा द्यायचे. "अण्णांची जागा," असं कौतुकाने सांगायचे. आप्पा तेव्हा दुसरीकडे बघत मिशीवरून हात फिरवायचे. ऑक्टोबरपर्यंत एक्केचाळीस जागा झाल्या. सगळ्या ओल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी मोमीन मॅडमनी प्रत्येकाच्या शिकाऊची वर्गासमोर चाचणी घेतली.

"ठोंब्या, शाळेच्या पटांगणात बोअर घेतली तर पाणी लागेल?"

"लागेल."

"समोरच्या कातळावर?"

"लागेल."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "माझ्या टेबलाखाली?"

"लागेल. रेवतीने दाखवलेल्या सगळ्या जागी पाणी आहे."

वर्ग हसून आडवा झाला. गौतमी म्हणाली, "मॅडम, दप्तर उचला, वल्लं हुईल!" रेवतीचे कान तापले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दहा गोल काढले. "समजा, तुम्हाला आंबा म्हणजे काय ते माहीत नाही. मी तुम्हाला दहा फळं दाखवली, दहाही आंबे. मग अकरावं फळ म्हणून पेरू हातात दिला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"आंबा," कुणीतरी म्हणालं.

"का म्हणणार नाही? फळ म्हणजे आंबा एवढंच तुम्ही बघितलंय. काय नसतं ते बघितल्याशिवाय काय असतं ते कळत नाही. ठोंब्या मठ्ठ नाही, रेवती. त्याला उंबराखालचं पाणी दाखवलंस, पण पाणी न लागलेला उंबर दाखवला नाहीस. मग उंबराने काही फरक पडतो की नाही, हे त्या बिचाऱ्याने कसं ठरवायचं?" त्यांनी खडू ठेवला. "कोरड्या जागा आण. ओल्या आहेत तेवढ्या तरी आण."

* * *

ढोकमाळमध्ये कोरड्या बोअरचं नाव काढत नसत.

बोअर कोरडी गेली, की तोंडावर एक चपटा दगड ठेवायचा, त्याला चुना लावायचा आणि विषय संपवायचा. बोअर 'झाकली' असं म्हणत. ज्याची झाकली त्याला कुणी विचारत नसे, तोही कुणाला सांगत नसे आणि जागा दाखवणाऱ्याकडे त्याचं गाऱ्हाणं तर कधीच नेत नसे. हा नियम कुणी घातला हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याच्या दारी दुःख झालंय त्याला खोदून विचारू नये, एवढाच बहुधा त्यामागचा भाव होता.

त्यामुळे रेवती जिथे गेली तिथे दारं गोड शब्दांत बंद झाली. गौतमीची चुलती शालन दडस म्हणाली, "कोरडी? आमच्यात न्हाई बाय तसलं काय. बस, शेंगा खा." तिच्या गोठ्यामागचा पांढरा दगड ओट्यावरून स्वच्छ दिसत होता.

तीन आठवड्यांत चार जागा मिळाल्या. मग रेवतीने घरी विचारलं.

आप्पा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "कशाला पायजेत?"

"ठोंब्याला फरक कळंना. कोरड्या दाखवल्याशिवाय त्याला कळणारच नाही, असं मॅडम म्हणाल्या."

"आणि परीक्षेला त्यानं सगळ्यांम्होरं सांगायचं, ह्या बिरानं दाखवल्या म्हणून?"

रेवती खोटं बोलू शकली असती. "विचारलं तर सांगतो तो. ते काढता येत नाही."

"मग ऱ्हाऊ दे." ते उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. दारात थांबून, मागे न बघता म्हणाले, "मला दुसरं काय येतं गं? एवढं एक नाव हाय."

आई ताट उचलत म्हणाली, "शेळ्यांचा धडा घ्यायचा हुतास की गौतमीवाणी. बापाच्या मानंवर बसूनच शिकायचं का?"

दुसऱ्या दिवशी वर्गात गौतमीने तोडगा काढला. "अगं, घाल की मनानं वीस-पंचवीस. त्याला काय कळतंय? माझ्या शेळीला मी असा एक आजार दिलाय, की डॉक्टरनं पण ऐकला नसंल."

रेवतीने चोवीस जागा रचल्या. पश्चिमेच्या माळावर काही, गावठाणाजवळ काही. ठोंब्याने प्रत्येक वेळी विचारलं, "तुला कसं कळलं?" प्रत्येक वेळी ती म्हणाली, "बघितलं." त्याने झाडं विचारली, तिने झाडं रचली. माती विचारली, तिने माती रचली. पुढच्या चाचणीत ठोंब्या अगदी शहाण्यासारखा बोलला. इथे लागेल, तिथे नाही, इथली खात्री जास्त, तिथली कमी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "बघ, जमलं की!" रेवतीने मान खाली घातली, तो विनय समजला गेला.

* * *

डिसेंबरातल्या एका मंगळवारी शाळेतून परत येताना रेवतीला ओसरीवर आप्पांचा आवाज ऐकू आला. ते कुणाशी तरी हळू, अदबीने बोलत होते. ती भिंतीआड थांबली.

आप्पांसमोर ठोंब्या होता. त्या दिवशी तिने डबा घरीच ठेवला होता.

"शालनचं गावठाणाजवळचं रान हाय बघा," आप्पा त्याला सांगत होते. ते डब्याला अहोजाहो करत होते. "उत्तरंच्या बांधाला उंबर. मी तितं धरली हुती जागा. काय वाटतंय तुमास्नी?"

"तिथे कोरडं निघण्याची शक्यता जास्त," ठोंब्या म्हणाला. "गावठाणाजवळच्या उंबराखालच्या पाच जागा कोरड्या आहेत. ओढ्याकडे घेतली तर बरं."

आप्पांनी फोन लावला. "शालन? परवा मशीन यायचंय न्हवं? त्या उंबराखाली नको. वड्याकडं घेऊ... न्हाई, न्हाई, नारळानंच सांगितलं."

गावठाणाजवळच्या उंबराखालच्या पाच जागा रेवतीने एका तासात, शाळेच्या बाकावर बसून रचल्या होत्या. पाचांपैकी एकही अस्तित्वात नव्हती.

ती समोर येऊन उभी राहिली. "आप्पा, ते खोटंय."

"काय खोटं?"

"त्यानं सांगितलेलं. कोरड्या जागा मी मनानं घातल्यात. चोवीसच्या चोवीस. शालनकाकीला तिथं खणायला लावू नका." ती रडायला लागली. "तुम्ही कशाला त्याला विचारलंत? तुम्हाला कळतं की."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो आला नाही.

"कळत न्हाई," ते म्हणाले. "सात-आठ वर्सं झाली, काय सुदीक कळत न्हाई. जागा धरतो आणि रातभर डोळा लागत न्हाई. म्हणलं, ह्याला तरी कळलं असंल. माझ्या पोरीनं शिकवलाय."

रेवतीने नाक पुसलं. "आणि नारळ?"

आप्पांनी आत जाऊन देवळीतला नारळ आणला. तळहातावर आडवा ठेवला. तिथेच, ओसरीच्या फरशीवर, तो हळूहळू उभा राहिला.

"ह्या फरशीखाली पाणी हाय?" त्यांनी विचारलं. "बोटांच्या मुळाशी जरासा जोर गेला, की उठतो. पयल्या वर्सी मलाबी वाटायचं आपसूक उठतो. शप्पथ. मग एक दिवस ध्यानात आलं, की मन म्हणतंय इथं पाणी असंल, तितंच हात जोर देतोय. तवर लोक अण्णा म्हणाय लागलं हुतं." त्यांनी नारळ खाली ठेवला. "हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई. तुज्या आईलाबी न्हाई."

आतून आईचा आवाज आला, "मला ठावं हाय. लगीन झाल्यापासनं."

दोघंही दचकले. मग आप्पा हसले, मोठ्याने. रेवतीने त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा फोन लावला आणि शालनला महिनाभर थांबायला सांगितलं. पलीकडून ती काय म्हणाली ते रेवतीलाही ऐकू आलं: "का वो अण्णा, नारळ रुसला काय?"

"रुसला," आप्पा म्हणाले.

* * *

ठोंब्यातून खोट्या जागा काढता येत नव्हत्या. शिकाऊला दिलेलं परत घेता येत नसे, फक्त दुरुस्त करता येई. रेवतीने मोमीन मॅडमना सगळं सांगितलं.

"दुरुस्त कर," त्या म्हणाल्या. "एकेक. चोवीस वेळा. आणि ते का चुकलं तेही त्याला सांग. परीक्षक विचारतील, बाळा. विचारू देत."

रेवती चोवीस वेळा म्हणाली, "ही जागा मी बघितली नव्हती. मी रचली होती." ठोंब्याने चोवीस वेळा विचारलं, "का?" पहिल्या दोन-तीन वेळा ती नुसतीच पुढच्या जागेकडे वळली. मग ती सांगायला लागली.

पुढच्या रविवारी सकाळी आप्पा तिच्याआधी उठून तयार बसले होते. त्यांच्याकडे वही नव्हती. ते चालत पश्चिमेच्या माळावर गेले, एका पांढऱ्या दगडापाशी थांबले आणि म्हणाले, "यशवंत गोफणे. दोन हजार अठरा, फेब्रुवारी. तीनशे दहा फूट. नुसता धुरळा. धाकट्या लेकीच्या लग्नाआधी पाणी पायजे म्हणत हुता." तिथून पुढच्या दगडाकडे. "हिंदुराव मासाळ. दोन हजार तेहतीस. चारशे फूट. मशीनवाला म्हणाला बास, हा म्हणाला अजून पन्नास घाल."

प्रत्येक जागेचं वर्ष, महिना, खोली, मालक, झाड, माती. एकदाही अडखळले नाहीत.

"आप्पा, ओल्या जागांचं तुम्हाला एवढं आठवत नव्हतं," रेवती म्हणाली. "खोली मी दोरीनं मोजली."

"वल्ल्या जागा लोक ध्यानात ठेवत्यात," ते म्हणाले. "कोरड्या मलाच ठेवाय लागत्यात."

पाच रविवार लागले. एकूण त्रेसष्ट.

पाचव्या रविवारी संध्याकाळी ठोंब्या म्हणाला, "आता मला फरक कळतो." तो जे म्हणाला ते रेवतीने मोमीन मॅडमना जसंच्या तसं ऐकवलं. वारुळाने काही फरक पडत नाही. उंबराने थोडा पडतो. सगळ्यात जास्त फरक काळ्या धारेने पडतो. ही धार म्हणजे गावाच्या मधून उत्तर-दक्षिण गेलेली, जमिनीतून दीड-दोन फूट वर आलेली काळ्या दगडाची लांबलचक रांग. धारेच्या पूर्वेला, चढाच्या बाजूला पाणी लागतं, पश्चिमेला बहुतेक लागत नाही. आणखी एक. २०३१ च्या आधी बिरा काळेल यांच्या बावन्न जागांपैकी तेहतीस ओल्या होत्या. त्यानंतरच्या बावन्नपैकी आठ.

मॅडमनी फळ्यावर उतार काढला. "आपला खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्याला कधीतरी उभी भेग पडली आणि त्या भेगेत नवा लाव्हा शिरून घट्ट झाला. ही धार म्हणजे त्या भिंतीचं डोकं. भिंत खाली खोल गेलीय. चढावरून जमिनीतून झिरपत येणारं पाणी तिला अडतं, बंधाऱ्याला अडावं तसं. आणि २०३१ चं म्हणशील तर..." त्यांनी रेवतीला गावातल्या बोअरची वर्षवार संख्या काढायला लावली. ती सात वर्षांत दुप्पट झाली होती. "सगळ्यांनी एकाच मडक्यात नळ्या घातल्या. पाणी खाली गेलं. तुझ्या आप्पांचा गुण नाही गेला."

रेवतीने हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या धारंवर बसून मी रोज भाकरी खातो."

* * *

परीक्षा सतरा मार्चला, शाळेच्या पटांगणात, गावासमोर झाली. तसा नियमच होता. परीक्षक नलवडे बाई तालुक्याहून आल्या होत्या. चष्मा, कॉटनची साडी, हसू नाही. आप्पा मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभे होते. आदल्या दिवशी रेवती म्हणाली होती, की नाही आलात तरी चालेल. ते म्हणाले होते, "माझ्या जागा हायत. मी न्हाई येणार तर कोण?"

नलवडे बाईंनी सुरुवात सोप्या प्रश्नाने केली. "पाण्याचं रासायनिक सूत्र काय?"

"ते रेवतीने शिकवलेलं नाही," ठोंब्या म्हणाला.

पटांगणात हशा पिकला. मोमीन मॅडमनी डोळे मिटले.

बाईंनी नकाशा उघडला. "पश्चिमेच्या माळावर बोअर घ्यावी का?"

"घेऊ नये. तिथे बावीस घेतल्या, एकोणीस कोरड्या निघाल्या."

"त्या जागा कुणी दाखवल्या होत्या?"

"बिरा काळेल यांनी."

"आणि त्या कोरड्या निघाल्या हे तुला कुणी सांगितलं?"

"बिरा काळेल यांनी."

हशा थांबला. माना मागे वळल्या. कुणीतरी रांगेतून ओरडलं, "म्हंजे नारळाला काय कळतच न्हाई व्हय?"

परीक्षेत शिकाऊ फक्त परीक्षकाला उत्तर देतो. नलवडे बाईंनी चष्मा वर सारला आणि प्रश्न पुन्हा विचारला. "नारळाने फरक पडतो का?"

"एकशे चार जागी नारळ उभा राहिला," ठोंब्या म्हणाला. "एक्केचाळीस ओल्या, त्रेसष्ट कोरड्या. नारळ सगळीकडेच उभा राहिला. म्हणून नारळावरून मला फरक सांगता येत नाही."

रेवतीने वडिलांकडे बघितलं. ते भिंतीपासून सुटून सरळ उभे राहिले होते, हात मागे, एखाद्या मुलाने वर्गात उभं राहावं तसे.

"तुझ्या नोंदीत चोवीस दुरुस्त्या दिसतात," बाई म्हणाल्या. "त्या कसल्या?"

"त्या जागा रेवतीने रचल्या होत्या. कोरड्या जागा कुणी सांगत नव्हतं. मग तिच्या वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवून एक जागा बदलली. तेव्हा तिने त्यांना खरं सांगितलं आणि नंतर मला."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून शालन दडस उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बाई, त्यात आमची एक घाला. गोठ्यामागं हाय, दगुड झाकलाय. साडेतीनशे फूट. आणि ती काय अण्णांनी दाखवली न्हाई. पुण्याचा मशीनवाला आला हुता, टीव्हीवाणी पडदा घिऊन, त्यानं दाखवली. लिवा."

"माझीबी एक हाय," यशवंत गोफणे म्हणाला. "दुसरी. अण्णालाबी ठावं न्हाई ती."

"शांत बसा, परीक्षा चालू आहे," नलवडे बाई म्हणाल्या. पण तोपर्यंत चार-पाचजण उभे राहिले होते. मोमीन मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं, वहीचं मागचं पान उघडलं आणि नावं उतरून घ्यायला सुरुवात केली. दुपारपर्यंत एकतीस नवी नावं झाली.

रेवतीला शंभरपैकी एक्क्याऐंशी गुण पडले. सूत्राचे पाच आणि रचलेल्या जागांचे दहा कापले होते. उरलेले चार का कापले, ते नलवडे बाईंनी लिहिलं नाही.

* * *

एप्रिलमध्ये जागा दाखवा म्हणून आप्पांकडे कुणीही नारळ घेऊन आलं नाही. अकरा गावांपैकी दोन गावांतल्या लोकांनी त्यांना बाजारात ओळख दिली नाही. हिंदुराव मासाळ दारावरून जाताना थांबून म्हणाला, "पन्नास फूट जादा घातलं ते मी घातलं, अण्णा. तेवढं तुमच्यावर नको," आणि पुढे गेला. शालनची बोअर धारेच्या पूर्वेला झाली. दोनशे साठ फुटांवर बोटाएवढा झरा लागला. ती पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "कुणाला देऊ? तुमाला का त्या डब्याला?"

पण डब्यात ठोंब्या आता उरला नव्हता. तीस एप्रिलला नियमाप्रमाणे बावीसही संच कोरे करण्यात आले. ठोंब्याची सगळी नोंद मोमीन मॅडमनी कागदावर उतरवून शाळेत ठेवली होती. पण रेवती त्या दिवशी जेवली नाही. आईने तिला समजावलं नाही, नुसती शेजारी बसून राहिली.

मेच्या पहिल्या आठवड्यात आप्पा शाळेत गेले. धुतलेला सदरा घातला होता. मोमीन मॅडम एकट्याच कपाट आवरत होत्या.

"मॅडम, ती यंत्रं सुट्टीत नुसतीच पडून असत्यात का?"

"असतात. का हो?"

"एक मिळंल का? जूनपर्यंत. आता तीसेक नव्या जागा कळल्यात, त्याबी बघायच्या हायत. शेजारच्या गावांतबी दगुड हायत, लोक सांगतील आता." ते थांबले. "शिकवायचं म्हणलं, की आपल्यालाबी नीट बघाय लागतं. तसं कुणी माझ्याकडनं कधी बघून घेतलं न्हाई."

मॅडमनी नोंदवही काढली. घेणाऱ्याच्या नावापुढे 'विद्यार्थी' असा छापील शब्द होता. त्यांनी तो खोडला, तिथे काय लिहावं याचा विचार केला आणि जागा कोरीच ठेवली. सतरा नंबर शोधून काढून त्यांनी आप्पांच्या हातात दिला.

रेवती बरोबर गेली, पण डबा आप्पांनी तिच्याकडे दिला नाही. माळावर ऊन चढत होतं. यशवंत गोफण्याच्या पांढऱ्या दगडावर त्यांनी तो ठेवला, भिंग चारी बाजूंना फिरवलं, जसं तिने केलेलं पाहिलं होतं तसं. बटण दाबलं.

"मी शिकाऊ आहे," सपाट आवाज आला. "आपण काय शिकणार आहोत?"

"पाणी."

"पाणी हा शब्द मला वाक्यात वापरता येतो. पाणी काय असतं, ते तुम्ही अजून शिकवलेलं नाही."

आप्पा दगडाशेजारी मांडी घालून बसले.

"त्ये मागनं," ते म्हणाले. "आधी ही जागा बघून ठेव. हितं न्हाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीच दाखवली हुती," बिरा काळेल म्हणाले आणि सांगायला लागले.